सरांविषयी बोलायचे मुद्दे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या धावण्याच्या सरांच्या शोकसभेत पालकांच्या वतीने तुम्ही बोलणार, हे आईकडून कळलं. मुद्दे मागितलेत म्हणून लिहितेय. एक मात्र करा. ‘मासेमारीमुळे सर संयमी झाले’ हे वाक्य घालू नका. बाकीचे वक्ते ते म्हणणारच आहेत, आणि ते खरंही नाही. वाट बघत बसणं सरांना जमायचंच नाही. त्यांच्याकडे हिशेब होता, तोही चोख.

सुरुवात ट्रॅकपासून करा. शाळेच्या मैदानात ४०० मीटरचा ट्रॅक मावत नाही, म्हणून सर २०० मीटरचा आखायचे. सरळ बाजू ४० मीटरच्या दोन, उरलेले १२० मीटर दोन अर्धवर्तुळांत. त्रिज्या येते १९.१० मीटर, पण चुन्याची रेघ पडायची १८.९० वर. कारण रेघेवर कोणी धावत नाही, तिच्या साधारण २० सेंटिमीटर बाहेरून धावतात, आणि अंतर मोजायचं ते तिथलं. रेघच १९.१० वर मारली तर फेरीमागे सव्वा मीटर वाढतो. १५०० मीटरला साडेसात फेऱ्या, म्हणजे नऊ-साडेनऊ मीटर जादा. पाच मिनिटांत धावणाऱ्या मुलीचे त्यात जवळजवळ दोन सेकंद जातात. खिशात कायम तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, असायचा, पण त्रिज्या मोजायला सर लोखंडी तारच घ्यायचे. तंगूस ओढला की लांबतो, आणि सुतळी दवाने भिजली की आखडते. मध्यभागी खुंटी, तारेच्या दुसऱ्या टोकाला खिळा, आधी खिळ्याने ओरखडा आणि मगच चुना.

मग शिट्टी. १५०० मीटर पाच मिनिटांत म्हणजे २०० मीटरला ४० सेकंद. सर दर ४० सेकंदांनी शिट्टी मारत आणि पोरांनी त्या क्षणी सुरुवातीच्या रेघेवर असायचं. लवकर पोचणाऱ्यालाच जास्त ओरडा बसायचा. पहिली फेरी ३६ मध्ये मारली की टाळ्या मिळतात, पण पाचव्या-सहाव्या फेरीला मांड्या दगड होतात आणि तीच फेरी ४४-४५ वर जाते. सरावाला २०० मीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये १०० मीटर हळू जॉग. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात आली नाही, तर पुढच्या वेळी सगळ्यांसाठीच एक सेकंद वाढवायचे. हट्टाने वेग वाढवणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात, कमी करणारे फार थोडे.

आई, पोरींच्या नडग्या दुखायच्या तेव्हा तू हळदीचा लेप सांगायचीस. सर दिशा बदलायला सांगायचे. छोट्या ट्रॅकवर वळणं जवळजवळ येतात आणि सतत डावीकडे वळून दोन्ही पायांवर वेगवेगळा ताण पडतो. म्हणून वॉर्म-अपच्या निम्म्या फेऱ्या उलट्या दिशेने. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की ठाण्याच्या येऊर डोंगराचा चढ. ६०-७० मीटर वर धावायचं, खाली मात्र चालतच यायचं, कारण उतरताना बसणारे हादरे गुडघ्याला महागात पडतात. ऑगस्टच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी तिथेच व्हायची.

आता खाडीतली मासेमारी. सर कोळ्यांचा पाऊणपटीचा हिशेब वापरायचे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. ही वेळ मुंबईची. सर मासे धरायचे त्या कोलशेतला पाणी खाडीतून आत चढत येतं, त्यामुळे तिथे उशीर होतो, आणि तो फरक सर वहीत टिपून ठेवायचे. म्हणून रविवारी दशमी आली की प्रॅक्टिस सातच्या ठोक्याला बंद! चढत्या पाण्याचा शेवटचा भाग आणि ओहोटीची सुरुवात, एवढाच त्यांचा वेळ. मध्ये पाणी थांबतं तेव्हा मासाही थंडावतो, आणि ओहोटीची सुरुवात सरली की सर सामान आवरायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी की गळ बुडवायला लावलेलं शिसं जागेवर राहत नाही, त्या दिवशी जायचेच नाहीत. आणि गळ टाकून ध्यान लावणं तर नाहीच. दर दहा मिनिटांनी ओढून बघायचे, कारण कुर्ल्या आमिषाची कोळंबी कुरतडून नेतात आणि माणूस रिकाम्या गरीकडे, म्हणजे गळाच्या आकड्याकडे, बघत बसतो.

काकूंनी सरांची गळाची काठी तुम्हाला दिली, तेव्हा बाबा, हेही लक्षात ठेवा. शिसं तंगुसावर मोकळं सरकतं ठेवायचं, त्याच्या खाली मणी, मग फिरकी, मग दीड फूट तंगूस आणि गरी. माशाने ओढलं तर त्याला शिशाचं वजन लागत नाही. गरीच्या गाठीला पाच वेढे घ्या आणि आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घासून तंगूस तापतो आणि पहिल्या झटक्यालाच तुटतो. शिंगाळा (काटेवाला मिशाळ मासा) लागला तर हाताने धरू नका. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तिन्ही विषारी. फडक्यात धरून पकडीने गरी काढा. तरी टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं. नळाच्या जोरदार धारेखाली धरलं तर खार उलट आत जातो.

भाषण लांबलं तर येऊर गाळा, पण तारेचा भाग ठेवा, तो समोरच्या पोरांना लगेच कळेल. आणि ती भरतीची वही काकूंकडे असेल तर फोटो काढायला परवानगी मागा. कोलशेतच्या उशिराचे आकडे बहुधा फक्त तिच्यातच असतील.

आईला नमस्कार. गुडघ्याचा पट्टा लावते का, तेही कळवा.

तुमची लेक