मीटर २१ सांगतं, टाकी १७ देते : गाडीच्या चुकीच्या अ‍ॅव्हरेजबाबत तक्रार

दिनांक : ९ जानेवारी २०२६

प्रति,
माननीय प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : पेट्रोल गाडीच्या मीटरवर अ‍ॅव्हरेज व 'रेंज' (टाकीतल्या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा) प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली जात असल्याबाबत.

महोदय,

मी घाटंजी तालुक्यातला कास्तकार आहे. २०२४ च्या दसऱ्याला आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी घेतली. गाडी दणकट आहे, इंजिनबद्दल शब्दाची तक्रार नाही. तक्रार एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे स्टिअरिंगमागच्या पडद्यावर येणारा अ‍ॅव्हरेजचा आकडा. तो खोटा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सर्व्हिस सेंटरवर तिन्ही वेळा बोलणं इथेच अडलं. गाडी कमी अ‍ॅव्हरेज देते, असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत चाचणीत निघालेला आकडा आमच्या गिट्टी उखडलेल्या रस्त्यांवर मिळत नसतो, हे मला समजतं. लिटरला सतरा-अठरा मिळतात, त्यात मी खूश आहे. पण गाडी सतरा देते आणि एकवीस सांगते, हे मला मान्य नाही.

ट्रॅक्टरच्या डिझेलची वही मी बारा वर्षांपासून ठेवतो, तशीच या गाडीचीही ठेवली. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत सहा वेळा टाकी फुल केली. दर वेळी तोच पंप आणि तेच नोझल. पहिल्यांदा खट्ट आवाज होऊन नोझल बंद झालं की थांबायचं, वरून एक थेंब टाकायचा नाही. मग ट्रिप मीटर आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही शून्यावर आणायचं. पहिल्या खेपेला ४१२ किलोमीटरला २३.२० लिटर लागलं, म्हणजे १७.८ चं अ‍ॅव्हरेज. पडद्यावर होतं २१.१. चौथ्या खेपेला नागपूरची एक फेरी होती, रस्ता चांगला, ४५५ किलोमीटरला २५.३० लिटर, म्हणजे १८ च्या जवळ. पडद्यावर २१.४. सहाही खेपा मिळून गाडी २,५०६ किलोमीटर चालली आणि १४१.१० लिटर पेट्रोल गेलं. पडद्याच्या हिशोबाने ते ११८.७ लिटरच लागायला हवं होतं. मधलं २२.४ लिटर कुठे गेलं?

आपल्या लोकांना मला यात एवढंच दाखवायचं आहे की प्रत्येक वेळी फरक एकाच बाजूला आहे आणि जवळपास तेवढाच आहे. गाडी गावातल्या गावात फिरो की हायवेवर, मी एकटा असो की पाच माणसं बसलेली असोत, पडदा खऱ्यापेक्षा शंभराला एकोणीस जास्तच सांगतो. चालवण्याच्या पद्धतीने फरक पडला असता तर तो कधी दहा, कधी तीस निघाला असता, एखाद्या वेळी उलटाही निघाला असता.

अंतर तर चुकत नाही ना, म्हणून तेही तपासलं. वडनेरच्या पुढे नागपूर-हैदराबाद हायवेवर किलोमीटरच्या एका दगडापासून ट्रिप शून्य केली आणि वीस दगड मोजले. मीटर २०.१ वर होतं. पंपाचा संशय राहू नये म्हणून पंपावर पाच लिटरचं माप मागितलं. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप पंपावर असतंच आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर दाखवावं लागतं. मोजणाऱ्या पोऱ्याने माझ्यासमोर माप भरलं. पेट्रोल बरोबर खुणेपर्यंत आलं. तेव्हा अंतर बरोबर आहे आणि पंपही बरोबर आहे. चूक राहिली ती गाडी स्वतः पेट्रोल किती मोजते, त्यात.

टाकीतून जाणारं पेट्रोल मोजायला गाडीत वेगळं माप नसतं, असं माझ्या भाच्याने समजावलं. तो पुसदला इंजिनिअरिंग शिकतो. इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला ते कॉम्प्युटर मोजतो, तेवढ्या वेळात किती पेट्रोल गेलं असेल याचा ठरलेला आकडा त्याच्यात भरलेला असतो, आणि त्यावरून अ‍ॅव्हरेज निघतं. म्हणजे भरलेला आकडाच कमी असला, तर गाडी आयुष्यभर कमीच मोजणार. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने मला इथेनॉलचं कारण दिलं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने अ‍ॅव्हरेज घटतं हे खरं आहे, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पण अ‍ॅव्हरेज घटलं तर पडद्यावरही घटलेलंच दिसायला हवं! पडद्यामागचं गणित जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने बसवलेलं राहिलं आहे का, हा प्रश्न मी तिथे विचारला. उत्तर आलं नाही, म्हणून तो आता आपल्याला विचारतो.

गावात चारचाकी माझी एकट्याचीच आहे. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं, पोरांना परीक्षेला पोचवायचं असलं की गाडी निघते. मी भाडं घेत नाही, फक्त पेट्रोलचे पैसे घेतो. पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास आणि अ‍ॅव्हरेज २१, म्हणून किलोमीटरला पाच रुपये असा हिशोब मी ठरवला होता. खरा खर्च सहाच्या जवळ निघाला. माझं नुकसान झालं ते एका बाजूला ठेवा. आता लोकांना सहा रुपये सांगताना, आधी पाच का म्हणालो, हे मला दारोदारी समजावून सांगावं लागतं.

पण हे पत्र मी पैशासाठी लिहिलेलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री बाराच्या सुमारास शेजारच्या काकूंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. यवतमाळ आमच्या गावाहून ४१ किलोमीटर आहे. पेट्रोलचा दिवा लागलेला होता, हे मी मान्य करतो. जवळचा पंप बंद झालेला होता. पडद्यावर पाहिलं तर रेंज ४६ किलोमीटर. पोचू, असं म्हणून निघालो. ३८ किलोमीटरवर गाडीने दोन झटके दिले आणि बंद पडली. बंद पडली तेव्हाही पडद्यावर ८ किलोमीटर लिहिलेलं होतं. थंडी पडलेली, रस्त्यावर दिवा नाही. सुनबाईने मागच्या दाराचं हँडल मुठीत घट्ट धरलेलं आणि काकू सारख्या मलाच विचारत होत्या, "किती राहिलं, भाऊ?" मी त्या आठाकडे पाहत होतो. वीस मिनिटांनी कापसाचा एक टेम्पो आला. त्या ड्रायव्हरने तिघांनाही शहरात पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ती वीस मिनिटं अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

रेंज निघते ती अ‍ॅव्हरेजवरूनच. पडदा शंभराचे एकशे एकोणीस सांगतो, त्या हिशोबाने ४६ ला १.१९ ने भागून पाहा, ३८-३९ च उरतात.

सर्व्हिस सेंटरवर मी तीन वेळा गेलो. तिन्ही जॉब कार्डांच्या झेरॉक्स आणि वहीची पानं सोबत जोडली आहेत. एकदा बॅटरीची वायर काढून लावली, एकदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, तिसऱ्यांदा सांगितलं, "काका, सगळ्या गाड्यांत असंच दाखवते, पुस्तकात अंदाजे लिहिलेलं आहे." अंदाज कधी कमी निघतो, कधी जास्त. जो नेहमी विकणाऱ्याच्याच फायद्याचा निघतो, त्याला आम्ही मापात पाप म्हणतो. कापूस जिनिंगवर नेण्याआधी आम्ही गाडी धर्मकाट्यावर चढवतो आणि क्विंटलमागे दोन किलोचा फरक आला तर तिथेच अडून बसतो. बाजारातल्या वजनकाट्याची दरवर्षी तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. गाडीतला हा काटा मात्र कोणीच तपासत नाही. 'सगळ्या गाड्यांत असंच' हे खरं असेल, तर गोष्ट माझ्या एका गाडीपुरती राहत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. आपला जाणकार माणूस पाठवा. त्याच्यासमोर टाकी फुल करून, तिला सील लावून, शंभर किलोमीटर गाडी चालवू आणि परत भरू. पेट्रोलचा खर्च मी देतो. फरक निघाला तर इंजेक्टर तपासून, गणित दुरुस्त करून द्या आणि काय दुरुस्त केलं ते लेखी द्या. दुरुस्त होत नसेल तर तसं लेखी सांगा. या मॉडेलच्या इतर गाड्यांतही हेच असेल, तर त्या लोकांना कळवा, कारण त्यांच्यातलाही कोणी रात्रीबेरात्री रेंजवर विश्वास ठेवून निघणार आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. गाडी रविवार सोडून कोणत्याही दिवशी चाचणीसाठी मिळेल. रविवारी ती बाजाराला जाते.

आपला,
घाटंजी तालुक्यातील एक ग्राहक