दसऱ्यानंतर मी कच्छला निघतेय

ऐरोली,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल जेवतानाच सांगणार होते. आईने अळूवडी वाढली, बाबांनी गोळ्यांचा डबा पुढे ओढला आणि मला शब्दच सुचेना. आई, समोर बसलं की तुझे डोळे भरतात आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. म्हणून लिहितेय. मी कच्छमधल्या पवनचक्क्यांच्या साइटवरचं काम घेतलंय, नलियाला. दसरा झाला की निघायचं आणि मे महिन्यात वारा वाढला की परत यायचं. होकार कळवून आठ दिवस झाले. दादाला माहीत आहे. त्याला रागावू नका, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

"इथे बसून होत नाही का?" असं बाबा विचारणारच. होत होतं, सहा वर्षं केलं. पण मार्चमधली एक गोष्ट मी घरी बोलले नव्हते. पवनचक्की जितकी उंच तितका वारा चांगला, आणि टॉवर जितका उंच तितका त्याचा बुंधा रुंद हवा. पण साडेचार मीटरच्या आसपास रुंदी गेली की तो नळा ट्रेलरवर घालून पुलाखालून नेता येत नाही. आपलं गोदरेजचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं, तसंच. ते बाबांनी शेवटी दोर लावून गॅलरीतून वर घेतलं. आम्ही टॉवरचा खालचा भाग उभा चिरून तीन तुकड्यांत पाठवतो. आजोळच्या घरावरची नळीची कौलं आठवा. तशी तीन प्रचंड पोलादी कौलं साइटवर बोल्टांनी जोडली की एक वेढा होतो.

मार्चमध्ये त्यातलं एक कौल यार्डात पडून स्वतःच्याच वजनाने किंचित फाकलं. ३६ मिलिमीटरच्या बोल्टला ३९ मिलिमीटरचं भोक, म्हणजे सगळी मिळून तीन मिलिमीटरची सवलत. भोकं जुळेनात. चार माणसं दुपारभर उन्हात पहारी घालून झटत होती आणि मी इथे एसीत बसून फोनवर म्हणत होते, "ड्रॉइंगप्रमाणे जुळायला हवं." तुकडा जमिनीवर ठेवताना आधार कुठे द्यायचा, हे माझ्या ड्रॉइंगवर नव्हतंच. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. जो सांधा मी कागदावर काढला, तो आवळणाऱ्याचा हात तिथवर पोचतो का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहायचंय. यापुढे माझ्या सहीचं प्रत्येक ड्रॉइंग तिथे उभं राहून तपासल्याशिवाय जाऊ नये असं मला फार वाटतं.

बाबा, तुम्हाला हे कळेल. चेतकचं चाक बसवताना तुम्ही माझ्या हातात पाना द्यायचात आणि म्हणायचात, एकच नट आवळत बसू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे घे. टॉवरच्या एकावर एक ठेवलेल्या दोन भागांच्या सांध्यात शंभराहून जास्त बोल्ट असतात आणि तेही तसेच आवळतात, फक्त पाना हायड्रॉलिकचा. पाती काहीशे तास फिरली की सगळे पुन्हा तपासायचे, कारण रंग आणि पत्रा दबून बोल्टांचा ताण उतरतो. कच्छमध्येच २०१४ साली १२० मीटरचा एक टॉवर उभारला, खाली अँगलची जाळी आणि वर नळा. अँगल ट्रकमध्ये आडवे मावतात, पुलाची अडचण नाही. आणि स्वीडनमध्ये स्काराजवळ २०२३ साली चक्क लाकडाचा, १०५ मीटरचा! पातळ थर चिकटवून केलेले वळणदार तुकडे साइटवर नेऊन जोडले. शनिवारी फोटो दाखवते, तुम्ही हातातलं पुस्तक खाली ठेवाल.

आई, मी रोज वर चढणार नाही. चढले तर पट्ट्याला दोन हुक असतात, दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. वारा जास्त असेल तर क्रेन पातं उचलतच नाही, सगळे खाली चहा पीत थांबतात. राहायला गेस्ट हाऊस आहे, गरम पाणी आहे, जेवणात बाजरीचा रोटला आणि ताक. थंडी मात्र कडक असते, म्हणून आजीच्या लुगड्याची गोधडी मी नेणार. लहानपणी ताप आला की तीच पांघरून तू मला तळमजल्यापर्यंत उचलून न्यायचीस, तीन मजले. आता ते जिने तुम्हा दोघांना एकट्याने उतरायला लागू नयेत, याचाच घोर मला जास्त आहे.

म्हणून ऐका. किराणा आणि भाजी घरपोच येईल, मी सांगून ठेवलंय. जांभळी नाक्यावरून पिशव्या उचलून आणायच्या नाहीत. बाबांनी तलावपाळीची फेरी उजाडल्यावरच घालायची, आणि मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा. अँजिओप्लास्टीला अजून वर्षही झालेलं नाही, चिडू नका. माळ्यावरचं काही हवं असेल तर वरच्या काकूंच्या मुलाला हाक मारा, स्टुलावर कोणीही चढायचं नाही. रात्री साडेआठला मी फोन करीन, तेव्हा बीपीचा आकडा खरा सांगायचा. दर दुसऱ्या शनिवारी दादा पुण्याहून येईल. आणि काही झालंच तर भुजहून विमान आहे, रात्रीची गाडी आहे, दुसऱ्या दिवशी मी दारात.

तुम्हाला टाकून चाललेय असं मनात आणू नका. आठ महिने आहेत. संक्रांतीला चार दिवस येणार, रजा आधीच टाकलीय.

आईचं मोतीबिंदूचं मी निघण्याआधी उरकतेय. मंगळवारी अकराची वेळ घेतलीय. साडेदहाला रिक्षा घेऊन खाली उभी असेन. जुना चष्मा आणि साखरेचे रिपोर्ट निळ्या पिशवीत घालून ठेवा, आणि बाबा, उतरताना तिचा हात धरा.

तुमची,
मनू