वटवाघळांचा अभ्यासक आणि लेदरचा झेंडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत परदेशातल्या एका प्राइड मिरवणुकीचं, म्हणजे समलिंगी आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या अभिमान मिरवणुकीचं, छायाचित्र आलं होतं. काळ्या चामड्याची जाकिटं घातलेली, मिशा पिकलेली माणसं आणि त्यांच्या हातात काळ्या-निळ्या पट्ट्यांचा झेंडा. खाली एवढीच ओळ होती : ‘मिरवणुकीतील चित्रविचित्र वेशभूषा’. त्या झेंड्याचा एक कर्ता आहे. त्याचं पुस्तक माझ्या पिढीच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाताळलेलं आहे. त्याचं नाव टोनी डीब्लास. जुलै २००० मध्ये तो गेला. या महिन्यात त्याच्याविषयी मराठीत चार ओळी छापून याव्यात, म्हणून हे पत्र.

मी लातूर जिल्ह्यातला. अनेक वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागात सस्तन प्राण्यांवरची जी थोडी इंग्रजी पुस्तकं होती, त्यांत रॉबर्ट मार्टिन आणि अँथनी (म्हणजेच टोनी) डीब्लास यांची एक मार्गदर्शिका होती. ती पहिल्यांदा १९७४ साली निघाली. जगभरातल्या सस्तन प्राण्यांची कुळं कशी ओळखायची, दात कसे मोजायचे, कवटी कशी स्वच्छ करायची, कातडं कसं भरायचं, हे सगळं तिच्यात पायरीपायरीनं दिलेलं. डीब्लास यांचा खास विषय वटवाघळं. इराणमधल्या वटवाघळांवरचा त्यांचा मोठा अभ्यास शिकागोच्या फील्ड म्युझियमनं १९८० मध्ये प्रसिद्ध केला. उंदरासारखी लांब शेपटी असलेली वटवाघळं इराणात सापडतात, तसे त्यांचे भाईबंद आपल्या देशातही जुन्या किल्ल्यांत आणि लेण्यांत राहतात. त्यामुळे दौलताबादच्या अंधारीत पोरांना घेऊन गेलो की डोक्यावर पाकोळ्यांचा चिरचिराट, नाकात तो उग्र वास, आणि माझ्या तोंडी हमखास डीब्लास यांचं नाव यायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

या माणसाचं उरलेलं आयुष्य मला निवृत्तीनंतर कळलं. त्यांचे जुने निबंध मिळतात का ते इंटरनेटवर शोधत होतो, आणि समोर तो झेंडा आला. आधी वाटलं, नामसाधर्म्य असेल. पण तोच माणूस होता. वटवाघळांवर डॉक्टरेटच्या तोडीचं काम करणारा हाच गृहस्थ लेदर मंडळींच्या मासिकांतून ‘फ्लेडरमाउस’ या टोपणनावानं लिहायचा. जर्मन भाषेत वटवाघळाला तेच म्हणतात. पुढे १९८६ मध्ये त्यानं ‘ड्रमर’ हे लेदर पुरुषांचं गाजलेलं मासिकच विकत घेतलं आणि काही वर्षं चालवलं.

लेदर मंडळी म्हणजे कोण, हे मोघम न ठेवता सांगतो, कारण मोघमपणातूनच टिंगल जन्माला येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत समलिंगी पुरुषांचे मोटारसायकल क्लब निघाले. लॉस एंजेलिसचा ‘सॅटर्स’ हा क्लब १९५४ चा. चामड्याचं जाकीट, बूट, पट्टा हा त्यांचा पेहराव झाला. समलिंगी पुरुष म्हणजे बायकी, अशी तेव्हाही चेष्टा चालायची, आणि त्या पेहरावात या लोकांना आपलं पुरुषपण आपल्या पद्धतीनं जगता आलं. त्यात शरीरसंबंधांच्या काही वेगळ्या रीतीही होत्या. बांधणं, हुकूम देणं आणि मानणं, वेदना सोसणं. प्रौढ माणसांनी एकमेकांची स्पष्ट संमती घेऊन केलेल्या या गोष्टी. संमती आणि सुरक्षितपणा यांवर ही मंडळी जितकं बोलतात, तितकं आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत कोणी नवऱ्यामुलीशी बोलत नाही. पुढे या संस्कृतीत स्त्रियाही आल्या, इतरही आले.

न्यूयॉर्कमध्ये समलिंगी लोकांनी पोलिसांविरुद्ध केलेल्या स्टोनवॉलच्या उठावाला १९८९ मध्ये वीस वर्षं होत होती. समलिंगी चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा तोवर अकरा वर्षांचा झाला होता. लेदर मंडळींनाही स्वतःची खूण हवी, असं डीब्लास यांना वाटलं. काळ्या आणि गडद निळ्या पट्ट्या एकाआड एक, मधोमध एक पांढरी पट्टी, वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल बदाम. शिकागोत ‘इंटरनॅशनल मिस्टर लेदर’ नावाचा मेळा १९७९ पासून भरतो, तिथे २८ मे १९८९ ला त्यांनी हा झेंडा पहिल्यांदा दाखवला. पुढच्याच महिन्यात ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्राइड मिरवणुकीत लेदर पथक तो घेऊन चाललं. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे डीब्लास यांनी सांगितलं नाही. ते बघणाऱ्यावर सोपवलं. झेंडा करताना आम्हाला विचारलं नाही, अशी कुरकुरही झाली. ती रास्त होती असं मला वाटतं. पण लोकांनी झेंडा उचलला, आणि आज तो जगभर दिसतो.

त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र झेंडा नाही, असं माझं मत आहे. ते नीट सांगायचं तर मला माझ्या घरातलं थोडं सांगावं लागेल.

आम्ही चर्मकार. गावात कातडं कमवायचं काम ढोर समाजाचं. बाभळीची साल, हिरडा आणि हौदातलं ते लालसर पाणी. कमावलेलं कातडं आमच्याकडे यायचं, वडील चपला करायचे, मोटा शिवायचे. मी लहान असताना विहिरींवर चामड्याच्या मोटा चालायच्या. रानभर पाणी खेळायचं ते वडिलांच्या टाक्यांवर, पण त्या विहिरीचं पाणी आम्हाला वरून ओतून मिळायचं. शाळेत माझ्या अंगाला वास येतो म्हणून पोरं सरकून बसायची. पुढे मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेलो तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. १९७८ च्या जून महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर यांचा इंद्रधनुषी झेंडा पहिल्यांदा फडकला. त्यानंतर महिन्याभरात आमच्याकडे विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. ठराव अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मी त्या काळात दोन गोष्टी जपून वागत होतो. जात लपवता येत नव्हती. दुसरी गोष्ट लपवली. मी समलिंगी आहे.

म्हणून चामडं अंगावर मिरवणारी माणसं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला राग आला, हे खरं आहे. ज्या वस्तूनं आमच्या वस्तीला गावाबाहेर ठेवलं, ती यांनी हौसेनं निवडलेली. त्यांच्या चामड्यात आणि आमच्या चामड्यात फार अंतर आहे, ते मी पुसू इच्छित नाही. आमच्या घरात कुणी हौस म्हणून चामड्याला हात लावला नव्हता. राग निवळला तो डीब्लास यांनी पुढे काय केलं ते वाचून.

१९८० च्या दशकात अमेरिकेत एड्सनं समलिंगी पुरुषांची पिढी कापून काढली. लेदर मंडळींनी वर्गणी गोळा केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पण माणूस गेला की बरेचदा दूरचे नातेवाईक यायचे आणि घरातली जाकिटं, पत्रं, फोटो, मासिकं, क्लबची पदकं शरमेपोटी कचऱ्यात टाकायचे. वीस-तीस वर्षांचं आयुष्य एका दुपारी नाहीसं. हे थांबवण्यासाठी शिकागोचे चक रेन्स्लो आणि टोनी डीब्लास यांनी १९९१ मध्ये ‘लेदर आर्काइव्हज अँड म्युझियम’ सुरू केलं. आज ते शिकागोच्या रॉजर्स पार्क भागात, पूर्वी ज्यू प्रार्थनास्थळ असलेल्या इमारतीत उभं आहे. मासिकांचे अंक, झेंडे, चित्रं, क्लबांचे कागद, लोकांनी मरताना सोपवलेल्या वस्तू, सगळं नोंद करून ठेवलेलं.

हे एका प्राणिशास्त्रज्ञाच्या डोक्यातून यावं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. संग्रहालयात वटवाघळाचं कातडं भरून ठेवतात तेव्हा त्याच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधतात : कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, कोणी पकडलं, नर की मादी, मापं काय. चिठ्ठी गळून पडली तर कातडं कितीही सुंदर असो, अभ्यासाला निरुपयोगी. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी हे घोकून घ्यायचो. डीब्लास यांनी आयुष्यभर प्राण्यांच्या बाबतीत ही शिस्त पाळली आणि मग तीच आपल्या माणसांना लावली. कोण होता, कुठला, केव्हा, कोणाबरोबर.

आपल्याकडे अशी चिठ्ठी कोणाला आहे? तुळजापूरच्या देवीची गाणी म्हणणारे साडी नेसलेले आराधी माझ्या लहानपणी आमच्या गावावरून जायचे. त्यांतल्या एकाचंही पूर्ण नाव आज कोणाला सांगता येत नाही. किन्नर गुरू वारल्या की त्यांच्या पेटीचं काय होतं? माझा एक मित्र होता, तालुक्याच्या गावी कारकून. बायकोमुलं होती. तो गेला तेव्हा मी दिवसाला गेलो, कोपऱ्यात बसलो, भात खाल्ला, परत आलो. त्याची मला आलेली पत्रं माझ्याकडे आहेत. माझी त्याला गेलेली कुठल्या चुलीत गेली, ठाऊक नाही. एचआयव्हीनं आपल्या लातूर-नांदेडकडची कितीतरी घरं पोखरली. हासेगावच्या ‘सेवालय’सारख्या संस्थेनं बाधित मुलांना पोटाशी धरलं, त्याचं मोल मोठंच आहे. पण त्या वर्षांत मेलेल्या आमच्यासारख्या पुरुषांची नोंद ‘टीबीनं गेला’ एवढीच राहिली.

कायदा बदलला. कलम ३७७ च्या बाबतीत ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रौढांचे संमतीनं झालेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, ते ऐकून मी घरात एकटाच रडलो. लग्नाचा प्रश्न ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं अडकून राहिला, तो पुढची पोरं लढतील. मुंबईत २००८ पासून, पुण्यात २०११ पासून मिरवणुका निघतात. आमच्या भागातली मुलं रात्रीच्या एसटीनं तिकडे जातात आणि सकाळी कामावर हजर होतात. मिरवणूक मोठ्या शहरात होते, पण आयुष्यं इथे काढली गेली. त्यांची नोंद इथेच व्हायला हवी.

माझी मागणी साधी आहे. छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हींकडे ग्रंथालयं आहेत, इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. त्यांनी एक कपाट द्यावं. किन्नर, आराधी, जोगते, समलिंगी स्त्री-पुरुष, ज्यांना वाटेल त्यांनी आपली पत्रं, फोटो, आठवणींचं ध्वनिमुद्रण तिथे ठेवावं; कधी खुलं करायचं ती अट देणाऱ्यानं घालावी, आणि ती पाळली जावी. त्याच कपाटात कातडं कमावणाऱ्यांची, चपला शिवणाऱ्यांची हत्यारंही यावीत. वडिलांची रापी, आरी आणि लाकडी फरमे मी ठेवले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली आहे : गाव, साल, वापरणाऱ्याचं नाव. पहिलं दान माझं समजावं. वाचकांनीही कोणी गेलं की पेटी उघडताना घाई करू नये. फोटोच्या मागे नाव लिहावं. लाज वाटली तर पाकीट बंद करून ठेवावं, पण जाळू नये.

आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती, पुढच्या जूनमध्ये असं छायाचित्र छापाल तेव्हा झेंडा कोणाचा, तो कोणी केला, हे खाली लिहा. एका ओळीची जागा लागते.

माझं नाव मात्र आत्ता छापू नका. भाचीची सोयरीक चालू आहे, आणि तिच्या सासरचे लोक मला जाब विचारणार नाहीत, तिला विचारतील. पण हे पत्र फाडू नका. खाली माझं पूर्ण नाव, गाव, तारीख आणि सही आहे. मूळ प्रत तशीच्या तशी आपल्या कार्यालयाच्या फायलीत राहू द्या. भाचीचं लग्न पार पडलं की मी स्वतः येऊन सांगेन, तेव्हा नावासकट छापा. त्याआधी मी गेलो तर विचारायची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, जि. लातूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)