सुऱ्या, ती रीड मीच मोडली होती

सुऱ्या,

शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाच. दीड वर्ष फोन नाही, तुझे आबा गेले तेव्हा पण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून मोकळा झालो. फोन हातात घेऊन बसलो होतो रे, पण तू उचललास तर काय बोलायचं तेच कळेना. आमच्याकडे सगळे बरे, माझी शुगर तेवढी बॉर्डरवर.

तर गेल्या मंगळवारी माझ्या हातनं चँटरची रीड मोडली. हो, बॅगपाईपच्या चँटरची, म्हणजे बोटांनी सूर काढायची ती नळी. मी पाईप शिकतोय, हस आता पोटभर.

इथं मँचेस्टरला, म्हणजे कनेक्टिकटच्या, इंग्लंडच्या नाही (काकूंना सांग परत एकदा), १९१४ सालचा पाईप बँड आहे. देशातल्या अगदी जुन्या बँडांपैकी. तेव्हा हे गाव म्हणजे चेनी ब्रदर्सच्या रेशमाच्या गिरण्या, आयर्लंड, स्कॉटलंड, कुठनं कुठनं माणसं यायची कामाला. १९३७ ला कंपनीचं दिवाळं निघालं, १९५५ ला विकली, १९८४ ला शेवटचं काम पण बंद. आता त्याच गिरण्यांचे फ्लॅट केलेत आणि आमच्यासारखे हार्टफर्डच्या इन्शुरन्स कंपन्यांत कोड लिहिणारे त्यात भाड्यानं राहतात. माग गेले, रेशीम गेलं, मालक गेले आणि हौसेनं पिशवी फुंकणारे तेवढे टिकले, शंभरावर वर्षं! आपलं गणेश मंडळ तीन वर्षांत फुटलं, तेही वर्गणीच्या सत्तर रुपयांवरनं, आणि ते सत्तर रुपये तुझ्याकडेच होते हे मी अजून विसरलेलो नाही.

का टिकले याचा मी बराच विचार केलाय, ऑफिसच्या मीटिंगा असतातच त्यासाठी. मला वाटतं गावाला यांची गरज लागते. परेड आली की पाईप, कुणी फायरमन गेला की पाईप. न्यूयॉर्कला २००१ मध्ये ३४३ फायरमन गेले, तिथल्या फायर डिपार्टमेंटचा पाईप बँड कित्येक महिने नुसता अंत्यविधींना वाजवत होता. आणि जुने वाजवणारे म्हातारे होणार म्हटल्यावर नवीन पोरं तयार करावीच लागतात, त्यात स्कॉटिशच पाहिजे म्हटलं तर बँड कधीच संपला असता. म्हणून बेळगावचा टकल्या पण चालतो.

पहिले कित्येक महिने नुसता प्रॅक्टिस चँटर, पिशवी नाहीच. सूर फक्त नऊ. मला वाटलं नऊच तर आहेत, दोन महिन्यांत उरकू. पण हवा चालूच राहते, सूर मधे तोडता येत नाही, एकच सूर दोनदा पाहिजे तर मधे दुसऱ्या सुराचा चटका द्यायचा, ग्रेसनोट. मोठा-बारीक आवाज असा प्रकारच नाही. आणि शिकवणारा म्हातारा आधी तोंडानं म्हणतो, "हिहारिन, होदिन", अगदी तबल्याच्या बोलांसारखं. ते ऐकलं आणि मला तुमचं न्हाणीघर आठवलं. आबा आत अंगावर पाणी घेताना असंच काहीबाही पुटपुटायचे आणि आपण बाहेर उभं राहून नक्कल करायचो.

तर रीड. दोन पात्यांची, सनईच्या पत्तीसारखी, खाली छोटी नळी, वर दोरा गुंडाळलेला. खूप कडक लागत होती म्हणून मी बोटांनी जरा दाबली आणि कोपरा टचकन उडाला. आणि सुऱ्या, माझ्या अंगठ्याला ते आधीच माहीत होतं. तोच आवाज. लहानपणी तुमच्या पडवीत, आबांच्या पाईपची रीड, आबा मराठा रेजिमेंटच्या सेंटरवर ड्युटीला गेलेले, तू पाणी आणायला आत गेलास तेवढ्यात.

मांजरानं पाडली म्हणून मी सांगितलं. मग तूच हात लावला असशील असंही म्हटलं. आबांनी पट्टा काढला तेव्हा मी कुंपणाबाहेर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. पुढं कॉलेजात तू परत विषय काढलास तेव्हा मी वर तुझ्याशीच भांडलो, आठवडाभर बोललो नाही. इतका खोटा बोललो की मलाही मांजर दिसायला लागलं होतं.

आता पंचाईत अशी की मेमोरियल डेच्या परेडला माझं नाव घातलंय. किल्ट आलाय घरी, विद्या म्हणते घागरा चांगलाय, पदर कुठाय. सहा ट्यून पाठ पाहिजेत, माझ्या साडेचार आहेत. चालताना फुंकलं की पाय चुकतो, पायाकडे बघितलं की पिशवी ढिली पडते आणि ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या खांद्यावरच्या नळ्या, रेड्यासारखे रडतात. पण खरी भीती त्याची नाही. आबा आयुष्यभर मराठा लाइट इन्फंट्रीत पाईप वाजवत होते, त्यांना मी एकदाही "काका, शिकवा" म्हटलं नाही, आणि इथं सैनिकांच्या आठवणीच्या परेडला मी नटून उभा राहणार. तुला हे बरं वाटेल का? तू नको म्हणालास तर मी खरंच जाणार नाही, गुडघा दुखतो म्हणून सांगीन, खोटं बोलायची सवय आहेच.

तुझ्या पोरीचं अ‍ॅडमिशन झालं का? दुकानाचं काय ठरलं? सांग सगळं.

आणि आबांच्या ट्रंकेत तो चँटर अजून आहे का बघ. पाठवू नकोस, नुसता फोटो टाक. रविवारी तुझ्या सकाळी नऊला फोन करतो. शिव्या दे, पण उचल.

पम्या