शेंड्यातली जागा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

माणसाचे हातपाय जन्माआधीच घडून जातात, मग झाडाला आयुष्यभर नवी पानं कशी फुटतात, हा तुझा प्रश्न भलताच आवडला. झाड आपला थोडा भाग कायम अपुराच ठेवतं! प्रत्येक फांदीच्या शेंड्याला, कोवळ्या पानांच्या आड, पेशींचा एक सूक्ष्म घुमट असतो. त्याच्या माथ्यावरच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून नव्या पेशी बनत राहतात त्या, सावकाश विभागतात. कडेला सरकलेल्या पेशींची पानं किंवा फुलं होतात.

हा घुमट बेसुमार फुगत नाही की संपूनही जात नाही. यामागचं गणित मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या इवल्या झाडात उलगडलं, मुख्यतः १९९० ते २००० या काळात. मूलपेशींच्या जरा खाली वुशेल नावाचं जनुक चालू असतं. त्याचं प्रथिन पेशींमधल्या बारीक वाटांनी वर जातं आणि मूलपेशींचं मूलपेशीपण टिकवतं. तेच प्रथिन वर क्लॅव्हाटा-३ या जनुकालाही जागं करतं. त्यातून तयार होणारं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा रेणू, खाली पोचतं आणि वुशेललाच आवरतं. टाकी भरली की तरंगता गोळा नळ बंद करतो, तसंच.

हा लगाम सैल झाला की काय होतं? घुमट मोठा होतो आणि फळात कप्पे वाढतात. टोमॅटो आडवा कापून कप्पे मोज. रानटी टोमॅटोत सहसा दोनच असतात. मोठ्या, गलेलठ्ठ जातींत आठ किंवा त्याहूनही जास्त. क्लॅव्हाटा-३ आणि वुशेल यांच्या लगतच्या डीएनएतल्या बदलांचा यात मोठा वाटा आहे. जनुकाचं नावही ठाऊक नसताना शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच बदल निवडले, याचं मला फार कौतुक वाटतं.

फुलात मात्र हे काम थांबावंच लागतं. तिथे वुशेल अ‍ॅगॅमस या जनुकाला चालू करायला मदत करतं आणि पुढे अ‍ॅगॅमसच वुशेलला बंद पाडतं. अ‍ॅगॅमस बिघडलं, तर पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि फुलात फूल उमलतच राहतं.

जनुकांना ‘मालक’ म्हणायची पद्धत मात्र मला पटत नाही. टोमॅटोच्या शेंड्याच्या मधल्या पेशी लेसरनं मारल्या, तर बाजूच्या पेशींत वुशेल चालू होतं आणि तिथे नवं केंद्र उभं राहतं. म्हणजे मूलपेशी कोण होणार, हे तिच्या वंशापेक्षा तिची जागा ठरवते.

मुळांच्या टोकाशीही वुशेलचाच एक भाऊबंद राबत असतो. त्याच्याबद्दल पुढच्या पत्रात. आज हात दुखला.

तुझा,
अनंत