फार्गो काही मिळाली नाही

मिशिगन,
रविवार, रात्री

ती. बाबांस,
सा. न.

फोनवर तुम्ही हसलात ते ऐकू आलं मला. “खेळण्यांच्या बाजाराला पहाटे साडेपाचला उठून जातोस होय?” गेलो. आईला सांगा, नाश्ता करून गेलो होतो. (केला नव्हता. एवढं कंसातलं तिला वाचून दाखवू नका.)

इथे याला स्वॅप मीट म्हणतात. पुण्याचा जुना बाजार एका मोठ्या हॉलमध्ये आणून टेबलांवर मांडला आणि भंगाराच्या जागी फक्त मोटारींच्या मॉडेलचे खोके ठेवले, की झालं. दार उघडायच्या आधीच बाहेर रांग होती, त्यात बहुतेक सगळे तुमच्या वयाचे. दोघाचौघांच्या हातात बॅटऱ्या. टेबलाखालच्या खोक्यांत अंधार असतो आणि चांगला माल तिथेच असतो, हे मला आत गेल्यावर कळलं.

किट म्हणजे काय, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. अख्खी मोटार सुट्या भागांत येते. भाग प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेले असतात, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. इथलं जुनं माप एकास पंचवीस, म्हणजे पाच मीटरची गाडी वीस सेंटिमीटरची होते. या धंद्यातली एएमटी ही जुनी कंपनी १९४८ मध्ये आमच्या शेजारच्या ट्रॉय गावात निघाली. आधी ते शोरूमवाल्यांसाठी नव्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती करायचे, किट नंतर आली. बरोबरच आहे, खऱ्या गाड्या डेट्रॉइटात, तर त्यांची पिल्लं जवळच जन्मणार.

तुम्ही सांगितलं होतं, तात्यांच्या फार्गो ट्रकची किट मिळते का बघ. पहिल्या तीन टेबलांवर विचारलं. फार्गो म्हटलं की इथल्या माणसाला नॉर्थ डकोटातलं गाव आठवतं. एकाने तर मला तिथली थंडी किती वाईट असते ते सांगितलं. चौथ्या टेबलावर नदीपलीकडच्या विंडसरहून आलेले एक आजोबा होते. नाव ऐकताच त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या वडिलांच्या शेतावर फार्गो होती! कॅनडात ती १९७२ पर्यंत विकली जायची. ती नि क्रायस्लरची डॉज एकच, म्हणाले, जाळी आणि नावाची पट्टी तेवढी वेगळी. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरवाले क्रायस्लरच्याच गाड्या जोडायचे आणि तात्यांची फार्गो कोल्हापुराहून गुळाचे रवे घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायची. घाटात रेडिएटर उकळायचा आणि किन्नर (क्लीनर) म्हणून तुम्ही पाण्याचा डबा घेऊन धावायचात, हेसुद्धा सांगितलं. ते मनापासून हसले. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण त्यांना काही नव्हतं.

फार्गो त्यांच्याकडेही नव्हती. त्यांनी मला खोका कसा बघायचा ते मात्र शिकवलं. वरचं चित्र बघून भुलायचं नाही. प्लास्टिकचं पारदर्शक वेष्टन नवंकोरं दिसलं तरी ते नंतरही चढवता येतं. विचारून झाकण उघडायचं आणि कागदावरच्या यादीशी भाग ताडून बघायचे. आधी काचा, मग टायर. जुन्या टायरमधून मऊपणासाठी घातलेलं रसायन झिरपतं आणि ज्या प्लास्टिकला टायर टेकला असेल ते खाऊन टाकतं. मी एक सुंदर डबा उचलला, तर पुढच्या काचेवर टायरची नक्षी जळून उमटलेली! विकणारा “पूर्ण आहे” म्हणत होता. पूर्ण होताच, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चिकटवायची चित्रं पिवळी पडली असतील तर घाबरायचं नाही. खिडकीच्या काचेला टेपने लावून काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा उडतो. आई पापड वाळवते तसंच की हे.

एका टेबलावर जो-हान कंपनीची क्रायस्लर टर्बाइनची किट होती. तुम्हाला ही गाडी आवडली असती. पिस्टन नाहीत, जेटसारखं इंजिन, डिझेलवर चालते, रॉकेलवरही चालते. साठच्या दशकात क्रायस्लरने अशा पन्नास गाड्या सामान्य कुटुंबांना वापरून बघायला दिल्या आणि नंतर परत घेऊन बहुतेक सगळ्या मोडीत काढल्या. किंमत विचारली आणि डबा हळूच खाली ठेवला.

शेवटी मी क्रायस्लरच्याच १९४१ च्या प्लिमथ गाडीची किट घेतली, अठरा डॉलरला. कुणीतरी आधीच सुरुवात केलेली होती. इंजिन जोडून, राखाडी रंग देऊन, एका छोट्या पिशवीत ठेवलेलं, बाकी सगळं तसंच काड्यांवर. गाडी दोन दारांची आहे, ट्रक नाही, म्हणून नाक मुरडू नका. मला तिचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि चाकं हवी आहेत. फार्गोचं इंजिन याच घराण्यातलं, तात्यांनी पर्किन्स डिझेल बसवायच्या आधीचं.

गाडी चालवत परत येताना एक गोष्ट डोक्यात आली. मी तीन तास जे शोधत होतो ते कुठल्याच डब्यात असणार नाही. आपल्याकडे कंपनीकडून यायची ती नुसती चासी आणि तोंड. केबिन आणि हौदा कोल्हापुरातल्याच सुतारांनी बांधलेला. मग त्याचा साचा ट्रॉयमध्ये कोण काढणार? चासी मी प्लिमथचीच कापून लांब करीन, तोंड प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून घडवीन. स्टिअरिंग डावीकडे आहे, ते उजवीकडे न्यायला डॅशबोर्ड कापावा लागेल. केबिनसाठी मात्र तुमच्याशिवाय इलाज नाही.

तेव्हा एवढं लिहून कळवा. दाराला काच होती की नुसतं कापड? टपावर माल बांधायला कठडा होता का, आणि होता तर किती उंच? हौद्याच्या फळ्या आडव्या होत्या की उभ्या? मागे काय लिहिलं होतं? आई म्हणते “जोतिबा प्रसन्न”, पण काका ठामपणे “अंबाबाई” म्हणतो, आणि दोघं तेव्हा हौद्यात गुळावर बसून यायचे, तेव्हा कुणालाच मागची बाजू दिसत नसणार. तो एक फोटो आहे ना, तात्या बॉनेटला टेकून उभे असलेला, तो फ्रेममधून काढून उजेडात मोबाइलवर घ्या. काचेसकट घेऊ नका, चकाकतं.

गोळ्या वेळेवर घेता ना?

आपला,
बाळू

ता. क. रंग विसरलो. फोटो काळापांढरा आहे. हिरवी होती की निळी?