लाँच धक्क्याला लागताना

संपादक महोदय,

गेटवे ते मांडवा लाँचने जाणारे प्रवासी धक्का जवळ आला की कठड्याशी गर्दी करतात आणि जरा उशीर झाला की लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या नावाने बोटे मोडतात. बोटीला ब्रेक नसतो. वेग कमी केला की सुकाणूवरून वाहणारे पाणीही मंदावते आणि सुकाणूची पकड सुटते, म्हणजे जिथे सर्वाधिक नेमकेपणा हवा तिथेच बोट सर्वांत कमी ऐकते, आणि त्यात आडवा वारा असला तर भल्याभल्यांची भंबेरी उडते. मांडव्याला निदान लाटा अडवणारा बांध आहे. गेटवेला मात्र उधाणाच्या दिवसांत चार मीटरांहून अधिक चढउतार करणारे पाणी आणि आधीच लागलेल्या लाँच, हे सारे एकदम सांभाळावे लागते. अशा वेळी तांडेलाला समोर मोकळी नजर हवी असते, सेल्फीवाल्यांची भिंत नव्हे. काही उत्साही मंडळी तर पाय लावून बोट थोपवू पाहतात. कित्येक टनांच्या लाँचपुढे त्या पायाचे काय होईल, हे सांगायला नकोच. दोर बांधून होईपर्यंत कुणीही जागेवरून उठू नये, अशी सक्ती महाराष्ट्र सागरी मंडळाने करावी आणि तशी सूचना लाँच सुटतानाच मराठी व हिंदीतून द्यावी.

— एक नियमित प्रवासी, अलिबाग